दोन बोटं माया

मोंबासाच्या कोंगोवेआ बाजारात शिरल्या शिरल्या मी एक कांदा उचलला आणि अंगठ्याने त्याची मान दाबून पाहिली. मुलगी ओशाळली. "आई, इथं असं कुणी दाबून बघत नाही गं." पण माझा इलाज नव्हता. निफाडात जन्म गेला. लासलगाव आमच्याच तालुक्यातलं. भाऊ, दीर, शेजारी, सगळे कांदेवाले. मानेत ओल राहिलेला कांदा चाळीत टिकत नाही हे आम्हाला अक्षरओळखीच्या आधी कळतं. विकणारी बाई माझ्या अंगठ्याकडेच बघत होती. ती हसली, समोरचा ढीग तसाच ठेवून तिने मागच्या गोणीत हात घातला आणि कडक पापुद्र्याचा, बारीक मानेचा कांदा काढून माझ्या तळहातावर ठेवला. टांझानियाचा माल, असं मुलीने विचारून सांगितलं. भाषा लागली ती पैसे देताना, आणि पैशाला तिथंही 'पेसा'च म्हणतात.

जावई तिथल्या बंदरावर नोकरीला. द्राक्षांची गोडी छाटणी उरकली, घडांच्या थिनिंगला अजून वेळ होता, म्हणून मी नोव्हेंबरात तीन आठवड्यांसाठी गेले. फोर्ट जीझस, हत्ती, समुद्र, हे सगळं जावयाने आखून ठेवलं होतं आणि ते सगळं मी पाहिलं. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे. मला लिहायचं आहे ते बाजारातून परतताना लागलेल्या एका नाक्याबद्दल.

टुकटुकवाल्याला मुलीने पत्ता सांगितला, "केंगेलेनी". टुकटुक म्हणजे आपली रिक्षाच. नाक्यावर गर्दीत एक जुनी घंटा टांगलेली दिसली. एकीकडून मटाटू म्हणजे तिथल्या मिनीबस, दुसरीकडून हातगाड्या, मध्ये ही घंटा, आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नाही. 'केंगेले' म्हणजे घंटा, केंगेलेनी म्हणजे घंटेपाशी. गुलामांनी भरलेलं गलबत किनाऱ्याकडे येताना दिसलं की ही वाजवायचे, असं सांगतात. "आणि ही वस्ती फ्रिअरटाउन," मुलगी म्हणाली, "आपल्या मुंबईचा एक गव्हर्नर होता ना, फ्रिअर, त्याच्या नावाची."

मी टुकटुक थांबवायला लावली. उन्हात उतरून घंटेकडे बघत राहिले, आणि डोळ्यांपुढे आला तो नाशकातला शरणपूर रोड.

डी.एड.ला असताना मी नाशकात राहायचे. शनिवारी दुपारी निफाडची एस.टी. धरायला त्या रस्त्याने चालत जायचे. शरणपूर हे तेव्हा माझ्या लेखी एका रस्त्याचं नाव होतं. पुढे दुकानं वाढली, इमारती वाढल्या, तरी नावच राहिलं. हे एक गाव होतं, मिशनने वसवलेलं, आणि त्यात आफ्रिकेतली मुलं-मुली वाढली, हे मला पुष्कळ उशिरा, शाळेच्या ग्रंथालयातल्या एका जाड पुस्तकातून कळलं. मी शिवणकामाची शिक्षिका. इतिहासाचा तास माझा नव्हता. पण त्या पानावर सुतारकाम, लोहारकाम असे शब्द दिसले आणि मी थांबले. हाताच्या कामाचं कुठं काही लिहिलेलं दिसलं की मी वाचते.

गोष्ट अशी. विल्यम सॉल्टर प्राइस नावाचे चर्च मिशनरी सोसायटीचे पाद्री नाशकात होते. १८५४-५५च्या सुमाराला त्यांनी शहराबाहेर शरणपूर वसवलं. धर्म बदलला की जात सुटायची, जात सुटली की घर आणि धंदा सुटायचा; अशा माणसांनी जायचं कुठं, म्हणून हे गाव, आणि म्हणून तिथं कामशाळा. त्याच काळात इंग्रजांच्या लढाऊ गलबतांनी अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडायचा धडाका लावला होता. सुटलेल्या माणसांत लहान मुलंमुली पुष्कळ. त्यांना एडनला, मुंबईला उतरवायचे आणि मग प्रश्न पडायचा, यांचं करायचं काय? घर शेकडो कोस आत, कुठल्या तरी तळ्याकाठी. तिथवर कोण पोचवणार? त्यातली काही मुलं शरणपूरला आली. मुलगे सुतारकी, लोहारकी शिकले. मुली शिवण आणि घरकाम.

विचार करा. न्यासा सरोवराकडची एखादी आठ-नऊ वर्षांची पोर. तिला पळवली, विकली, चालवत किनाऱ्याला आणली, गलबतात कोंबली, तिथून तोफा लावून सोडवली, मुंबईला उतरवली, आणि मग गंगापूरच्या रस्त्यालगत एका ओसरीवर बसवून तिच्या हातात सुई दिली. भोवती बोलणं मराठी. नाव नवं, इंग्रजी. पहिला धावदोरा तिचाही वाकडाच गेला असेल. माझ्या वर्गातल्या सगळ्या पोरींचा जातो.

शरणपूरच्या मुलग्यांची नावं जगाला माहीत आहेत. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ साली मुंबईत आला. त्याच वर्षी थळ घाटातून रेल्वे सुरू झाली होती. तो नाशकालाही येऊन गेला आणि शेवटच्या प्रवासासाठी इथले नऊ मुलगे बरोबर घेऊन गेला. त्यांच्याबद्दल पुढे त्याने पुष्कळ कुरकुर केली, हे जाता जाता सांगते. नंतर १८७२ साली त्याच्याकडे धाडलेल्या मदतीच्या तुकडीत नाशिकचे आणखी सहा होते. त्यांतला जेकब वेनराइट. १८७३च्या मेमध्ये लिव्हिंग्स्टन चितांबोच्या गावात वारला तेव्हा त्याचं हृदय झाडाखाली पुरताना प्रार्थना वाचली ती जेकबने, आणि त्या झाडावर अक्षरं कोरली तीही त्यानेच. शरीर वाळवून, कापडात बांधून, खांद्यावरून शेकडो कोस किनाऱ्यापर्यंत आणलं. पुढं बोटीतून त्या शवाबरोबर विलायतेला गेला तोही जेकबच. १८ एप्रिल १८७४ला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा नाशकात शिकलेला हा पोरगा तिथं होता. नाशिककरांना तपोवन माहीत असतं, पंचवटी माहीत असते. हे फारसं माहीत नसतं.

मुलींचं काय झालं? १८६४ साली विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे तिघे शरणपूरहून मोंबासाजवळच्या रबईच्या मिशनला गेले. पुस्तकांत त्यांच्या नावापुढं मला भेटतं ते 'आणि त्यांच्या बायका' एवढंच. मग बार्टल फ्रिअर १८७३ साली झांझिबारच्या सुलतानाशी बोलणी करायला गेला. गुलामांचा बाजार बंद झाला, पण सुटलेल्या माणसांना ठेवायला जागा हवीच होती. फ्रिअरने सुचवलं की मोंबासासमोर किनाऱ्यावर शरणपूरसारखंच गाव वसवा. त्यासाठी बोलावलं कोणाला, तर नाशिकच्या प्राइससाहेबांनाच. १८७४च्या अखेरीला ते गेले, आणि नाशिक-मुंबईचे दीडशेच्या आसपास आफ्रिकी लोक, बायकामुलांसकट, तिकडे गेले. जंगल तोडलं, झोपड्या उभारल्या, विहिरी खणल्या, चर्च, शाळा, मुलींचं वसतिगृह. लोक त्यांना तिथं 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणायला लागले. आफ्रिकेत जन्मून आफ्रिकेतच परके. अंगावर शिवलेले कपडे, चहाची सवय, आणि तिथल्या भाषेचा पत्ता नाही; ती बऱ्याच जणांना नव्याने शिकावी लागली. मला सारखं वाटत होतं, सुरुवातीच्या त्या महिन्यांत एखादीच्या ठेच लागली तेव्हा तोंडून काय निघालं असेल? 'आई गं'च ना?

दुसऱ्या दिवशी मुलीने मला समुद्राकडे नेलं. न्यालीच्या बाजूला योहान क्राफ या जर्मन पाद्र्याचं स्मारक आहे. त्याची बायको रोझिना आणि तान्ही मुलगी १८४४ साली इथं येऊन काही आठवड्यांत तापाने गेल्या. दोघी तिथंच आहेत. क्राफ पुढं रबईला गेला, भाषेचा अभ्यास केला, नाव कमावलं. बाईचं नाव दगडावर यायला तिला मरावं लागलं, असं मी मुलीला म्हटलं. ती म्हणाली, "आई, तू सुट्टीवर आहेस."

क्राफ तिथं कबर खोदत होता त्याआधी दोनच वर्षं, १८ जानेवारी १८४२ला, आमच्या निफाडला महादेव गोविंद रानडे जन्मले. निफाडच्या पोराला हे पाठ असतं. पुढं हेच रानडे ऑक्टोबर १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा प्यायले. टिळकही होते, आणखी बरेच होते. आमंत्रणाचा घाट घातला गोपाळराव जोशांनी, डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, आणि नावंही त्यांनीच छापून आणली. त्या कपभर चहावरून पुण्यात दोन वर्षं दंगा झाला, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. आता हे शरणपूरशेजारी ठेवून बघा. मिशनच्या टेबलावर एक घोट घेतला तर पुढं हायकोर्टाचा न्यायाधीश झालेल्या माणसाचे हे हाल. मग ज्या बाईला दुसरं टेबलच नव्हतं, तिने काय करायचं?

याचा अर्थ मिशनने केलं ते सगळं सोनं, असं मी म्हणत नाही. शिकवताना मिशन मापं स्वतः घेत होतं. मुलग्याला ऐरण, मुलीला सुई. हे कोणी ठरवलं? नाव कोणी बदललं? लग्न कोणाशी लावलं? गाव सोडून जायची मुभा किती होती? फ्रिअरटाउनलाही शिस्त कडक, घंटेवर दिवस. पंडिता रमाबाईंचं केडगाव आठवलं की फरक कळतो. रमाबाईही परदेशी देणग्यांवरच काम चालवत होत्या, पण माप स्वतः घेत होत्या. दुष्काळातून आणलेल्या बायका त्यांच्या मुक्ती सदनात माग चालवायच्या, घाणा चालवायच्या आणि छापखान्यात खिळे जुळवायच्या. रमाबाईंनी मराठीत उतरवलेलं बायबल त्या बायकांच्या हातांनी जुळवलं गेलं. त्याच रानड्यांच्या पत्नी रमाबाईंचं पुण्याचं सेवासदन १९०९चं; तिथंही शिवण होतं, पण जोडीला शाळा होती, नर्सिंग होतं. मला शिवण शिकवणाऱ्या बाई सेवासदनात शिकलेल्या होत्या. काज करताना दोरा किती ताणायचा ते त्यांनी माझ्या बोटावर बोट ठेवून दाखवलं होतं.

त्या आठवड्यात शेवटी मी जे बघायला निघाले होते ते सापडलं, आणि तेही न शोधता. फ्रिअरटाउनच्या मागच्या गल्लीत एका घराच्या पडवीत पाच-सहा बायका शिवत बसल्या होत्या. तीन पायमशीन, एक हातमशीन. निळ्या कापडाचे ढीग. केनियात शाळा जानेवारीत सुरू होतात, त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे गणवेशांचा हंगाम. आपल्याकडे जूनच्या आधी असते तशी घाई. चर्चच्या महिलामंडळाचं काम आहे, असं मुलीने विचारून सांगितलं. मशीन सगळ्यांच्या मिळून, पैसे कामाप्रमाणे, थोडे मंडळाच्या डब्यात. म्हणजे बचत गटच की! परदेशी पाहुणी आली की इकडं तिकडं काय दाखवतात, मणी, लाकडी जिराफ. इथं दाखवायला काही नव्हतं. पोरांचे झगे आणि चड्ड्या.

मी एक झगा उलटा केला. मला आवरत नाही. कापड हातात आलं की मी आधी आत बघते. शिवण सरळ, टीप बारीक. आणि बाजूच्या शिवणीत चांगली दोन बोटं माया. खाली दुमडही रुंद. पोर वाढणार, झगा तीन वर्षं चालला पाहिजे, हे हिशेबात धरलेलं. मी बोटाने ती माया दाखवली आणि भुवया उंचावल्या. हातमशीनवरच्या म्हाताऱ्या बाईंनी हाताने उंची दाखवली, एवढी, मग एवढी, मग एवढी. सगळ्या हसल्या. मी मुलीला म्हटलं, "यांना सांग, आम्ही याला माया म्हणतो." मुलीने प्रयत्न केला. 'माया'चा अर्थ तिला स्वाहिलीत सांगता येईना, इंग्रजीत तर नाहीच. शेवटी तिने दोन बोटं दाखवली आणि मग हात छातीशी नेला. म्हाताऱ्या बाईंनी मान हलवली. त्यांना काय कळलं देव जाणे.

मी तिथं दीड तास बसले. त्यांच्यातल्या एका तरुण पोरीची काजं फिसकटत होती. कापड आधी कापून मग टाका घालायची. मी तिला आधी दोन्ही बाजूंनी धावदोरा घालायला लावला, मग मधून कापायला. माझ्या बाईंनी ठेवलं तसंच तिच्या बोटावर बोट ठेवलं. तिसरं काज तिने एकटीने केलं आणि ते माझ्याहून बरं झालं. चहा आला, दुधाचा, भरपूर साखरेचा. चहाला तिथं 'चाय'च म्हणतात, आणि सोबत चपातीसुद्धा मिळते.

यांच्यात कुणाची पणजी शरणपूरहून आली असेल का, हे विचारायचं माझ्या ओठावर होतं. विचारलं नाही. गणवेश संध्याकाळी द्यायचे होते.

निघायच्या आदल्या दिवशी बिआशारा स्ट्रीटला लेसो घ्यायला गेलो. लेसो म्हणजेच कांगा. मोंबासात लेसो म्हणतात. दोन तुकड्यांची जोडी, एक कमरेला, एक खांद्यावरून किंवा डोक्यावरून. चारी बाजूंनी काठ, त्याला 'पिंडो'; मधलं अंग म्हणजे 'म्जी'; आणि खालच्या बाजूला एक ओळ छापलेली, ती 'जिना', म्हणजे नाव. पिशवीत मी मुलीसाठी येवल्याहून आणलेल्या पैठणीचा उरलेला ब्लाउजपीस होता. दुकानदाराच्या समोर तो लेसोच्या काठाला लावून बघितला. दुकानदार गुजराती. तो म्हणाला, "बेन, दोन्हीत काठाचेच पैसे."

या कापडाची गोष्ट मला इथल्या सगळ्या किल्ल्यांपेक्षा मोठी वाटली. लेसो हा शब्द पोर्तुगीजांचा, रुमालासाठी. सांगतात ते असं, की किनाऱ्यावरच्या बायका छापील रुमालांचं सहाचं पान विकत घ्यायच्या, मधून कापून तीन-तीनच्या दोन पट्ट्या करायच्या आणि त्या एकाखाली एक जोडून शिवायच्या. रुमाल विकणाऱ्याला कल्पनाही नसेल. पुढं व्यापाऱ्यांनी तसंच अखंड कापड छापायला सुरुवात केली. आणि त्याआधी? गुलाम बायकांच्या अंगावर अमेरिकेहून आलेलं कोरं जाडंभरडं कापड असायचं, 'मेरिकानी'. नाही तर गडद निळं 'कनिकी', तेही आपल्याच देशातून जायचं. झांझिबारला गुलामी कायद्याने उठली १८९७ साली, केनियाच्या किनाऱ्यावर १९०७ साली. बायकांनी ते कोरं आणि ते निळं टाकलं आणि रंगीत, काठाचा, ओळ छापलेला कांगा गुंडाळला. मिशनने त्यांच्या आधीच्या सुटलेल्या बायकांना बाह्यांचे झगे शिवून दिले होते, त्यांच्या मुलींना झगे शिवायला शिकवलं होतं. ते शिकलेलं वाया गेलं नाही, त्या पडवीत मी ते पाहिलं. पण अंगावर काय घ्यायचं ते बायकांनी स्वतः निवडलं, आणि त्यात शिवण एकही नाही.

रबईला जायचं राहिलं. मुलगी म्हणाली पुढच्या वेळी. मला जोन्ससाठी जायचं होतं. त्याने रबईत धन्यांकडून पळून आलेल्या गुलामांना थारा दिला. मिशनच्या वरिष्ठांना ते पसंत नव्हतं. अरब जमीनदारांशी भांडण कोण ओढवून घेणार? पण माणसं येत राहिली आणि जोन्सने ती राहू दिली. शेवटी १८८९च्या सुरुवातीला तिथला कारभार पाहणाऱ्या इंग्रज कंपनीने पैसे भरून चौदाशेहून अधिक जणांना एकदम मोकळं केलं. शरणपूरला ज्याला कोणी आसरा दिला होता त्याने आपल्या परीने शरणपूर मांडलं, नियमाबाहेरचं. चौदाशे माणसांना शिजवून कोणी घातलं, हा प्रश्न माझ्या मनात लगेच आला. तो कुठल्या पुस्तकात नाही.

डिसेंबरात परतले. नाशिकरोडला उतरून एस.टी. पकडण्याऐवजी आधी शरणपूर रोडला गेले. नेहमीची रहदारी, नेहमीची दुकानं. रस्त्यालगतच्या एका पायरीवर बसले. एक बाई आवाराचं पटांगण झाडत होती. तिने विचारलं, "कोणाकडं आलात?" मी म्हटलं, "मोंबासाहून." ती बरं म्हणाली आणि झाडत राहिली.

निफाडला थंडी उतरली होती. आमच्याकडे पारा पडला की वर्तमानपत्रात नाव येतं. रात्री द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवाव्या लागतात. थिनिंग जोरात चालू. शेजारची बाई रोज पहाटे टोळीबरोबर बागेत जाते, साडीवर नवऱ्याचा शर्ट, डोक्याला फडकं, हातात कात्री. मी तिला एक लेसो दिला. म्हटलं, "हा वरून लाव, आत जुन्या साड्या भर, छान गोधडी होईल. माझ्याकडे मापं आहेत, देते."

तिने लेसो उलगडला, दिव्याजवळ नेऊन काठ पाहिला, त्यावरची न कळणारी अक्षरं बोटाने चाचपली. "बाई, हे लिहिलंय काय?"

"मलाही येत नाही. मुलीला विचारावं लागेल."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती फाटकातून गेली तेव्हा लेसो तिच्या डोक्याला होता, कानांवरून घट्ट, मागे गाठ, शर्टाच्या कॉलरमध्ये खोचलेला. मी ओसरीवरून ओरडले, "अगं, गोधडी?"

"बघू नंतर," ती म्हणाली. "कान वाजतात थंडीनं." टोळीची पिकअप वळणावर थांबली होती, ती पळाली.